टाकीला एक, कालव्याला दोन

सरकारी नोकरीत फाईल कधी ना कधी निकाली निघते, किस्से मात्र निघत नाहीत. ते साठतच जातात. तिकिटाच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईकडे तर जरा जास्तच साठतात. त्यात आमची खिडकी गवंड्यानं चुकून कमरेच्या उंचीवर बसवलेली. तिकीट काढायचं म्हणजे वाकायचं, आणि वाकलेला माणूस काहीतरी बोलल्याशिवाय सरळ होत नाही!

खिडकी होती आमच्या नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावाची. कागदावर ‘जलतरण तलाव’, पण गावात सगळे ‘टाकी’च म्हणायचे. गावाचं नाव मी सांगत नाही. बारामतीची माणसं म्हणतील इंदापूरकडचं आहे, इंदापूरची म्हणतील बारामतीकडचं. दोघांचंही चालेल. साल नव्वदनंतरचं धरा.

परवा ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणी जमल्या आणि चहा होईपर्यंत एकीनं सुरुवात केलीच, “मॅडम, टाकीवरचं सांगा की!” हसायचं सांगायला बसले आणि निम्म्यात मीच थांबले. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

*

टाकीवर येण्याआधी मी जन्म-मृत्यू विभागात होते. एकच टेबल, डावीकडे जन्माचं रजिस्टर आणि उजवीकडे मृत्यूचं. उन्हाळ्यात उसासाठी कालव्याला पाणी सुटलं की उजवीकडचं रजिस्टर उघडायची मला भीती वाटायची. पाणी आलं की पोरं पुलावरून उड्या मारायची. वरून पाणी शांत दिसतं, खाली ओढ असते. कुणाचं ना कुणाचं पोरगं जायचंच.

असेच एकदा किसनतात्या माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. कळसकडच्या वस्तीवरचे. वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, तात्यांनी ती विकून दोन एकर ऊस केला होता. त्यांचा मुलगा संपत, वय अकरा. तो जाऊन तीन दिवस झाले होते.

“कारण काय लिहू, तात्या?” मी विचारलं. विचारावं लागतं, रकानाच असतो तसा.

“पवत हुता, एवढंच लिवा.”

“तसं नाही लिहिता येत. ‘कालव्यात बुडून’ असं लिहावं लागतं.”

त्यांनी माझ्या पेनाकडे पाहिलं. मग म्हणाले, “लिवा. तुमच्या कायद्यात बसतंय त्ये लिवा.”

मी लिहिलं. दाखल्याची फी दोन रुपये होती, तीही घेतली आणि पावती फाडून दिली. तात्यांनी ती नीट घडी करून साखर कारखान्याच्या कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवली आणि पाकीट बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं. ते गेल्यावर मला वाटलं, दोन रुपये मी माझ्या पर्समधून टाकले असते तर काय बिघडलं असतं? सुचलं नाही. अजूनही तेवढंच टोचतं.

*

तलावाची योजना तशी जुनी. शासन म्हणायचं, गावानं आपला हिस्सा जमा करून दाखवावा, मग अनुदान मिळेल. गाव म्हणायचं, अनुदान येऊ दे, मग हिस्सा बघू. दोघंही आपापल्या जागी ठाम, आणि फाईल मध्ये.

मग आमच्या भागातल्या ऊस उत्पादकांची कारखान्यावर सभा झाली. माझे मिस्टर सभासद, ते होते तिथं. सभा संपत आली असताना तात्या उठले. जन्मात कधी सभेत न बोललेला माणूस.

“टाकीसाठी ह्या सालच्या बिलातनं टनामागं एक रुपाया कापा,” ते म्हणाले. “माझ्यापासनं सुरुवात करा.”

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “तात्या, टाकी कशापायी? कालवा हाय की फुकाट!”

बोलणारा बोलून गेला, पण दोन्ही बाजूची माणसं त्याच्याकडे बघायला लागली तेव्हा त्याला कळलं आपण कुणाला काय बोललो.

तात्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. “म्हणूनच,” म्हणाले, आणि खाली बसले.

ठराव एकमतानं मंजूर झाला. पहिला हात त्या मागच्या रांगेतल्या माणसाचाच वर गेला, असं मिस्टर सांगायचे.

*

पैसे जमले, खड्डा खणला आणि काम थांबलं. सरकारी काम म्हणजे तेवढं व्हायचंच. एक पावसाळा खड्डा तसाच राहिला. पाणी साठलं, आणि गावातल्या म्हशींनी उद्‌घाटन करून टाकलं!

पुण्याहून अनुदानाचे साहेब पाहणीला आले. खड्ड्यात सात-आठ म्हशी डोळे मिटून बसलेल्या. साहेबांनी आमच्या इंजिनियरला विचारलं, “हे काय चाललंय?”

इंजिनियर चांगला मुरलेला माणूस. “साहेब,” म्हणाला, “पाणी टिकतंय का ते बघतोय!”

पुढचा हप्ता महिन्याभरात आला. म्हशींनी आमच्यासाठी जेवढं केलं तेवढं नगरपालिकेच्या तलाव समितीनं केलं नाही, हे माझं प्रामाणिक मत आहे.

*

टाकी बांधून झाली. माझी बदली तिथल्या खिडकीवर झाली आणि बदलीचा कागद हातात पडला तेव्हा मला खरोखर रडू आलं. आनंदानं. मृत्यूच्या रजिस्टरपासून सुटका झाली होती.

तिकीट छापायचं ठरलं. समितीनं मोठ्यांना पाच आणि लहानांना दोन असे दर धरले आणि घाईघाईत तिकिटांची पुस्तकंही छापून आणली. तात्या दुसऱ्या दिवशी सकाळी नगराध्यक्षांच्या दारात!

“अध्यक्ष, दोन लई झालं. एकच करा.”

“तात्या, दोन रुपयात काय येतंय हल्ली?”

“एका रुपायात गारीगार येतंय,” तात्या म्हणाले. “पोरगं पवण्यापायी एक गारीगार सोडंल. दोन न्हाय सोडायचं. दोन म्हणला की त्ये कालव्याला जाणार.”

अध्यक्षांना नातवंडं होती. त्यांना हिशेब पटला. लहानांची फी एक रुपया झाली आणि दोन रुपयांची पुस्तकं रद्द. रद्द झाली तरी टाकून देता येत नाहीत हं! ऑडिट होईपर्यंत मोजून कपाटात ठेवायची आणि किल्ली माझ्याकडे. एक पुस्तक कमी भरलं असतं तरी माझी नोकरी अडचणीत आली असती. हे ध्यानात ठेवा.

*

टाकी सुरू झाली आणि लोक उसाची बिलं घेऊन खिडकीवर यायला लागले. मला कळेना. बिलावर कपातीच्या ओळीत ‘टाकी’ असं लिहिलेलं, तिथं बोट ठेवायचे आणि म्हणायचे, “बाई, आमी सभासद हाय.”

आमच्याकडे बिलातून पैसे कापले की माणूस सभासद होतो, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. कारखाना तसाच, दूध संघ तसाच, सोसायटी तशीच. मग टाकी वेगळी कशी? एकानं लाभांश विचारला. एकानं दिवाळीला सवलतीची साखर मिळणार का ते विचारलं. डाळजचे एक आबा वारसाचं नाव लावायला आले, सोबत दोन साक्षीदार आणि फोटो!

सगळ्यात कमाल बापूरावांनी केली. ट्रॅक्टरला टँकर जोडून थेट फाटकात. “माझ्या हिश्श्याचं पाणी द्या. कालव्याची पाळी लांबलीया, ऊस वाळाय लागलाय.”

मी बाहेर गेले. समजावून सांगितलं की हे पाणी उसाला चालत नाही, यात ब्लीचिंग पावडर असते. उसाची मुळं जळतील.

बापूरावांनी टाकीकडे पाहिलं. पन्नासेक पोरं पाण्यात ओरडत होती.

“उसाला चालत न्हाय,” ते सावकाश म्हणाले, “आन् पोरांला चालतंय व्हय?”

टँकर रिकामा परत गेला, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी नातवाला पाठवला. रुपया घेऊन.

*

पोहणं शिकवायला मोरे मास्तर आले. पुण्याच्या तलावावर शिकलेले, गळ्यात शिट्टी, हातात नियमावली. नियम पाचवा : पाण्यात कोणतीही वस्तू आणू नये.

पहिल्याच दिवशी चाळीस पोरं आली आणि प्रत्येकाच्या पाठीला पत्र्याचा डबा बांधलेला! तेलाचे, डालड्याचे, एकाचा तर रंगाचा. आमच्या भागात पोहणं असंच शिकतात. पाठीला बंद डबा बांधायचा आणि बापानं विहिरीत ढकलून द्यायचं. डबा बुडू देत नाही, आणि बाप वर येऊ देत नाही!

मास्तरांनी सगळे डबे सोडायला लावले. बाहेर ढीग लागला. संध्याकाळी तात्या आले, ढिगाकडे बघून त्यांनी मास्तरांना विचारलं, “डबा न्हाय, मग पोरगं तरंगतंय कशावर?”

“माझ्या हातावर,” मास्तर म्हणाले.

तात्या तिथंच उभे राहिले. एकेक पोरगं मास्तरांच्या हातावर आडवं होत होतं, पाय मारत होतं. तासभर झाला तरी ते हलले नाहीत. जाताना खिडकीत वाकले आणि मला म्हणाले, “बाई, माणूस चांगला मिळालाय.” स्वतः तात्यांना पोहता येत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

*

बुधवारी दुपारी बायकांसाठी एक तास ठेवला होता. पहिल्या बुधवारी अकराजणी आल्या. सगळ्या नऊवारीत. पाच-पाच रुपये भरून आत गेल्या आणि पायऱ्यांवर ओळीनं पाण्यात पाय सोडून बसल्या. तासभर! एकही खाली उतरली नाही.

मला वाईट वाटलं. बाहेर पडताना मी म्हटलं, “अहो, पाच रुपये भरून नुसतं बसायचं?”

त्यांतली एक म्हणाली, “बाई, तासभर कुणी हाक मारली न्हाय. पाच रुपायात सोस्तच हाय की!”

तात्यांच्या घरच्या, हिराबाईही आल्या होत्या. त्या पायरीवर बसल्या नाहीत. टाकीला चक्कर मारून खोल बाजूला जाऊन उभ्या राहिल्या, भिंतीवरचा आकडा बघितला, पाण्यात बघितलं. मग खिडकीशी आल्या.

“हितं पोरं पवताना माणूस कायम बसतो का वं?”

“हो. मास्तर असतात. ते उठले तर पाण्यात कुणालाच राहू देत नाहीत.”

“जेवायला गेल्यावं?”

“तेव्हा फाटक बंद.”

“मग बरं,” म्हणाल्या आणि निघून गेल्या. परत कधी आल्या नाहीत. त्या दिवशी मी खिडकी लवकर लावून घेतली आणि आत बसून राहिले.

*

तिसऱ्या उन्हाळ्यात टाकी तोट्यात आली. ब्लीचिंग पावडर महागली, मोटरीचं बिल वाढलं. कालव्याला पाणी सुटलं की निम्मी पोरं तिकडे पळायची. पाणीही तेच होतं हो, आमची टाकी कालव्याच्याच पाण्यानं भरायची! पोरं मला तोंडावर म्हणायची, “बाई, त्येच पाणी तितं फुकाट हाय.”

मुख्याधिकारी साहेब नवीन होते. त्यांनी सरळ सांगितलं, या उन्हाळ्यात भरणा वाढला नाही तर टाकी ठेक्यानं देऊ. ठेकेदार दर ठरवेल. लहानांचाही दर पाच रुपये ठरणार होता, हे शिपायालाही माहीत होतं.

मी तात्यांना सांगितलं. सांगायला नको होतं खरं तर, ऑफिसची गोष्ट. त्यांनी खिडकीतूनच आत पाहिलं. मग कपाटाकडे बोट दाखवलं.

“बाई, ती रद्दीतली दोन रुपायची पुस्तकं. त्यातलं एक देता?”

“कशाला?”

“इचारू नका.”

मी विचारलं नाही. कपाट उघडलं आणि शंभर पानांचं एक पुस्तक त्यांच्या हातात दिलं. बावीस वर्षांच्या नोकरीत तेवढा एक नियम मी मोडला.

आणि आठवड्याभरात टाकीवर रांग लागली! रोज दुप्पट पोरं. पोरांची तोंडं रुसलेली, पण मुठीत रुपया. मोरे मास्तरांना शिट्टी फुंकून दम लागायचा. समितीच्या बैठकीत एकानं श्रेय नव्या रंगाला दिलं, दुसऱ्यानं फलकाला. मीही मान डोलावली.

मग एका पालकाची लेखी तक्रार आली. ‘नगरपालिका कालव्यावर पोहण्याची बेकायदा फी वसूल करीत आहे, तरी चौकशी व्हावी.’

साहेबांनी शिपाई पाठवला. त्यानं येऊन सांगितलं ते असं. दहा वाजले की किसनतात्या कालव्याच्या पुलावर येऊन बसतात. अंगात कुणाचा तरी जुना खाकी शर्ट, मांडीवर तिकिटाचं पुस्तक, शेजारी भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. पोरगं आलं की म्हणतात, “कालव्याला दोन रुपाये. टाकीला एक. बघ बाबा, कुठं परवडतंय.” पोरगं चडफडत टाकीकडे जातं. ज्याच्याकडे रुपयाच नाही त्याला शेजारी बसवून शेंगा देतात, पण पाण्यात जाऊ देत नाहीत. कालव्याला पाणी आहे तोवर रोज हेच.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता साहेबांच्या केबिनमध्ये तात्या आणि मी. साहेबांच्या समोर ते पुस्तक.

“हे पुस्तक यांच्याकडे गेलं कसं?” साहेबांनी विचारलं.

तात्या छताकडे बघायला लागले. माझं नाव ते मरेपर्यंत घेणार नाहीत, हे मला कळलं. म्हणून मीच म्हणाले, “साहेब, मी दिलं.”

“तुमचं नंतर बघतो, मॅडम. आधी पानं मोजा.”

मी मोजली. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा परत पहिल्यापासून मोजली. पूर्ण शंभर.

“एकही तिकीट फाडलेलं नाही, साहेब.”

साहेब तात्यांकडे वळले. “म्हणजे वसूल काहीच नाही?”

“काय बी न्हाय. दोन म्हणलं की पोरं जात्यातच टाकीला.”

“अहो, पण कालवा पाटबंधारे खात्याचा, तिकीट नगरपालिकेचं आणि बसता तुम्ही!” साहेबांचा आवाज चढला. “कालव्याला दोन रुपये फी आहे, हे तुम्हाला सांगितलं कुणी?”

तात्यांनी खाकी शर्टाची वरची दोन बटणं सोडली. आतल्या बंडीच्या खिशातून प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. कारखान्याच्या कार्डामागून एक कागद ओढला, घड्यांवर फाटायला आलेला. तो टेबलावर ठेवून तळहातानं सरळ केला आणि साहेबांकडे सरकवला. खाली सही माझी होती.

“हाय की फी, सायब,” ते म्हणाले. “मी भरलीया.”

साहेबांनी पावती वाचली : संपतच्या मृत्यूचा दाखला, फी दोन रुपये. मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा वाचली. पावती घडी करून तात्यांना दिली आणि तिच्यापाठोपाठ तिकिटांचं पुस्तकही परत त्यांच्या हातात दिलं.